बारावीचा ओव्हरटाइम

पिंपरीच्या संत तुकाराम नगरमध्ये दोन गोष्टी हाकेच्या अंतरावर आहेत. एका बाजूला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि वैद्यकीय शिक्षणाचा मोठा पसारा, दुसऱ्या बाजूला आचार्य अत्रे रंगमंदिर. दहावीपर्यंत या भागातल्या अनेक मुलांचा दोन्हींशी संबंध असतो. ताप आला की रुग्णालयात आणि स्नेहसंमेलन आले की रंगमंदिरात. दहावीचा निकाल लागला की चित्र पालटते. तबला माळ्यावर जातो, बॅट दाराआड उभी राहते, ढोल पथकात नाव घालायचे नाही असे आधीच बजावले जाते. ‘दोन वर्षे फक्त अभ्यास, मग आयुष्यभर काय ते कर,’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. बोलणाऱ्याच्या मनात काळजीच असते, पण मुलाचे शरीर आणि मेंदू या दोन वर्षांत कसे चालतात हे पाहिले, तर हा सौदा तोट्याचा ठरतो.

भीती खरी आहे

पालकांची भीती खोटी नाही. २०२५ मध्ये देशभरातून २२ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी ‘नीट’ दिली. एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातल्या जेमतेम निम्म्या सरकारी. सरकारी आणि खासगी महाविद्यालयांच्या शुल्कात इतके अंतर आहे, की भोसरीत किंवा चाकणला कारखान्यात काम करणाऱ्या माणसासाठी थोडे गुण कमी पडणे म्हणजे घर गहाण पडणे. अशा घरात ‘छंद जोपासा’ हा सल्ला पोट भरलेल्यांचा वाटला तर नवल नाही.

त्यात प्रवेशाचे नियमही छंदाच्या बाजूने नाहीत. राज्य मंडळाच्या परीक्षेत क्रीडा स्पर्धांतील कामगिरीला वाढीव गुण मिळतात. दहावीला चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना आणि शास्त्रीय वा लोककलेतील प्रावीण्यालाही मिळतात. पण ‘नीट’, ‘जेईई’ किंवा ‘एमएचटी-सीईटी’च्या गुणांत त्यांची काडीचीही भर पडत नाही. आयआयटी मद्रासने २०२४ पासून उत्तम खेळाडूंसाठी आणि २०२५ पासून कलावंतांसाठी प्रत्येक अभ्यासक्रमात दोन वाढीव जागा ठेवल्या आहेत. त्यांनाही ‘जेईई अॅडव्हान्स्ड’ची पात्रता लागतेच, आणि कामगिरी राष्ट्रीय पातळीची हवी. बाकीच्या लाखो मुलांसाठी हिशेब सरळ आहे: बासरी वाजवली म्हणून प्रवेश मिळत नाही.

तेव्हा छंदाची बाजू गुणांच्या आधारावर मांडण्यात अर्थ नाही. ती आरोग्याच्या आधारावर मांडावी लागेल, आणि ती तशी मांडता येते.

पाळी संपते, ओव्हरटाइम संपत नाही

पिंपरी-चिंचवडच्या माणसाला पाळी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. १९४८च्या कारखाने कायद्याने या देशात प्रौढ कामगारासाठी आठवड्याला ४८ तास काम आणि एक सुट्टी ही मर्यादा बसवली. त्यामागे निव्वळ दया नव्हती. थकलेल्या माणसाच्या हातून माल बिघडतो, अपघात होतात, हे कारखानदारीने फार किंमत मोजून शिकलेले होते.

आता बारावीतल्या मुलाचा आठवडा मोजून पाहावा. सकाळी कॉलेज किंवा त्याच्या नावाखाली क्लास, दुपारी दुसरा क्लास, संध्याकाळी डाउट सेशन, रात्री घरचा अभ्यास आणि रविवारी टेस्ट सिरीज. अनेक घरांत ही बेरीज आठवड्याला सत्तर-ऐंशी तासांवर जाते. सोळा-सतरा वर्षांचे पोर वडिलांपेक्षा जास्त तास काम करते, आणि त्याला साप्ताहिक सुट्टीही नसते. वडिलांना ओव्हरटाइमचे पैसे तरी मिळतात. मुलाच्या ओव्हरटाइमचा मोबदला म्हणजे डोक्यात टिकलेला अभ्यास, आणि थकलेल्या मेंदूत तोच टिकत नाही.

ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी १९९७ मध्ये प्रौढांवर केलेला एक प्रयोग या संदर्भात पाहण्यासारखा आहे. सलग १७ तास जागे राहिल्यावर माणसाच्या हालचालींतला आणि विचारांतला नेमकेपणा किती घसरतो हे त्यांनी मोजले. ही घसरण रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असताना होणाऱ्या घसरणीइतकी निघाली. भारतात वाहन चालवण्यासाठी मद्यांशाची मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठलेला मुलगा रात्री अकराला सेंद्रिय रसायनशास्त्राचे पुस्तक उघडतो, तेव्हा त्याचे १७ तास भरलेले असतात. त्या वेळी त्याच्या हाती मोटारसायकलची किल्ली देताना आईवडील कचरतील, पण पुस्तक देताना त्यांना काही वाटत नाही.

झोप हीच पाठांतराची वेळ

वाचलेले लक्षात राहते ते वाचताना नव्हे, तर नंतर. दिवसा मिळालेली माहिती मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात तात्पुरती नोंदली जाते. गाढ झोपेत ती पुन्हा पुन्हा उजळली जाते आणि हळूहळू मेंदूच्या बाह्य थरात पक्की बसते. झोप कापली तर हे काम अर्धवट राहते. रात्री दोनपर्यंत जागून तीन धडे वाचणारा मुलगा म्हणजे भोके पडलेल्या बादलीत पाणी भरणारा माणूस.

किशोरवयीन मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. त्यात निसर्गाने आणखी एक गुंता करून ठेवला आहे. वयात येताना शरीराचे घड्याळ पुढे सरकते, झोप आणणारे मेलाटोनिन उशिरा स्रवू लागते. त्यामुळे या वयातल्या मुलाला रात्री लवकर झोप येत नाही आणि पहाटे डोळे उघडत नाहीत. तो आळस नसतो. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय झाला. लहानांसाठी तो चांगलाच, पण घड्याळ पुढे सरकते ते मोठ्या मुलांचे, आणि पहाटेच्या बॅचमध्ये बसतात तीच.

शरीर बसून शिकत नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी. संघटनेनेच केलेल्या अभ्यासात २०१६ ची आकडेवारी सांगते, की जगातल्या ११ ते १७ वयाच्या दर पाचांपैकी चार मुलांची एवढी हालचाल होत नाही. आपली बारावीतली मुले या चौघांत असतात हे सांगायला अभ्यासाची गरज नाही.

पळणे, पोहणे, कबड्डी, नाच, जोरकस ढोलवादन यांनी मेंदूचा रक्तपुरवठा वाढतो आणि मज्जापेशींच्या वाढीला मदत करणारी प्रथिने जास्त तयार होतात. व्यायामानंतरचा काही काळ लक्ष अधिक टिकते. ताणाची संप्रेरके आटोक्यात राहतात, झोप गाढ लागते आणि त्या झोपेत दिवसाचा अभ्यास पक्का होतो. म्हणजे मैदानावरचा तास अभ्यासातून वजा करायचा नसून त्याच्या खात्यात जमा करायचा असतो.

हा तास गेला की काय होते, ते सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत दिसते. डोकेदुखी, मान आणि पाठ आखडणे, पित्त, परीक्षेच्या आधी पोटात कळा, छातीत धडधड, मुलींमध्ये पाळी अनियमित होणे, वर्षभरात वाढलेले आठ-दहा किलो वजन. पालक मेंदूचा स्कॅन करून मागतात, टॉनिक मागतात, ‘लक्षात राहण्याचे औषध’ मागतात. बहुतेक वेळा तपासण्या ठीक निघतात. कमी असते ती झोप आणि हालचाल, आणि त्या कोणत्याही मेडिकलमध्ये मिळत नाहीत.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. ‘हिचे अभ्यासात लक्ष नाही, सारखी लोळत असते’ अशी तक्रार असेल, तर तिला बोलण्याआधी तिचे हिमोग्लोबिन पाहावे. शिवाय मुलींचे खेळ मुलांच्या आधीच बंद होतात आणि घरकाम मात्र बंद होत नाही. भावाला अभ्यासाला जो मोकळा तास मिळतो, तो तिला मिळतो का, हे घरानेच पाहायचे आहे.

छंद हा घरातला थर्मामीटर

छंद चालू ठेवण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते फारसे बोलले जात नाही. नैराश्याचे निदान करताना डॉक्टर जी मुख्य लक्षणे पाहतात, त्यांतले एक म्हणजे आवडत्या गोष्टीतला रस जाणे. एरवी क्रिकेटसाठी जेवण सोडून पळणारा मुलगा दोन आठवडे मित्रांनी हाक मारूनही उठत नाही, गाणारी मुलगी गुणगुणायचीही थांबते, तेव्हा घराला काहीतरी बिनसल्याचे कळते. ही पहिली घंटा असते.

पण घरानेच हुकूम काढून क्रिकेट आणि गाणे बंद केले असेल, तर घंटा वाजणार कशी? मूल खोलीत पुस्तकासमोर बसलेले असते, घर समाधानी असते, ‘आता कसा मनावर घेऊन अभ्यास करतोय’ असे पाहुण्यांना सांगितले जाते. ते मूल एकाग्र आहे की आतून विझत चालले आहे, हे बाहेरून सारखेच दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्रातली होती. त्यामागची कारणे अनेक असतात, एकट्या अभ्यासावर सगळे लोटता येत नाही. पण नंतर अनेक आईवडील एकच सांगतात, की आम्हाला काही कळलेच नाही. छंद चालू असता तर कदाचित आधी कळले असते.

अशी शंका आली तर थांबू नये. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. महापालिका व जिल्हा रुग्णालयांतील मानसोपचार विभागात जाणे म्हणजे ‘वेड लागणे’ नव्हे. ताप आल्यावर जावे तसे तिथे जावे.

दुसऱ्या टोकाची चूक

छंदाच्या बाजूने बोलताना त्याचीही शर्यत होणार नाही हे पाहायला हवे. काही घरांत दहावीआधीच तबल्याची ‘प्रवेशिका’, चित्रकलेची ‘इंटरमिजिएट’, कराटेचा पट्टा, बुद्धिबळाची स्पर्धा असे सारे एकदम चालते. प्रत्येकाचे प्रमाणपत्र लॅमिनेट होऊन फायलीत जाते आणि ती फाईल भरली की तबला कायमचा माळ्यावर. हा छंद नव्हे, हा आणखी एक क्लास.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे चांगले ठाऊक आहे. तिथल्या अनेक नामांकित विद्यापीठांत प्रवेशासाठी गुणांबरोबर खेळ, कला, समाजकार्यही पाहिले जाते. त्यामुळे तिथे छंद सुटत नाही, पण त्याचेच ओझे होते. आठवीतले मूल वर्षभर एकच खेळ खेळत राहते आणि खांदे-गुडघे दुखावून घेते. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेला सांगावे लागले, की मुलांना खेळातून आठवड्यात एक-दोन दिवस आणि वर्षात तीन महिने तरी सुट्टी द्या. इकडे छंद निरुपयोगी म्हणून मरतो, तिकडे उपयोगी म्हणून. ज्या तासाचा कोणालाही हिशेब द्यावा लागत नाही असा एक तास मुलाजवळ असणे, हेच छंदाचे औषधी मूल्य आहे.

मराठी रंगभूमीवर डॉक्टरांची मोठी परंपरा आहे. कान-नाक-घशाचे शल्यविशारद डॉ. श्रीराम लागू, बालरोगतज्ज्ञ डॉ. जब्बार पटेल, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे, हे तिघेही पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. १९७२ मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’चे दिग्दर्शक जब्बार पटेल होते आणि त्यात नाना फडणवीस साकारले ते आगाशे यांनी. ही असामान्य माणसे आहेत, त्यांची उदाहरणे देऊन प्रत्येक मुलाला नट होता येत नाही, आणि त्या काळची स्पर्धाही आजच्यासारखी नव्हती. त्यांच्यावरून एवढेच घ्यावे, की वैद्यकासारखा कठीण अभ्यास आणि रंगमंच एका माणसात राहू शकतात, एकाला जागा देण्यासाठी दुसऱ्याला हाकलावे लागतेच असे नाही.

वेळ कुठून आणायचा?

आठवड्याचे तास १६८. रोज ८ तास झोप धरली तर ५६ तास गेले. कॉलेज, क्लास आणि प्रवास मिळून सहा दिवस रोज ८ तास, म्हणजे ४८. जेवण, अंघोळ, घरातली कामे यांना रोज ३ तास, म्हणजे २१. स्वतःचा अभ्यास रोज ४ तास, म्हणजे २८. खेळ किंवा छंद रोज १ तास, म्हणजे ७. बेरीज होते १६०. एवढे सगळे करून ८ तास शिल्लक राहतात. मग वेळ जातो कुठे? बराचसा मोबाइलमध्ये. थकलेले मूल मैदानावर जाऊ दिले नाही तर पुस्तकाकडे वळत नाही, ते रीलकडे वळते. तबला बंद करून वाचवलेला तास अभ्यासाला मिळतो हा पालकांचा समज इथेच फसतो.

अभ्यासाचे तास मोजण्यापेक्षा पद्धत पाहणे फायद्याचे. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारणे, आणि एकदम सहा तास बसण्यापेक्षा तोच विषय दोन-तीन दिवसांच्या अंतराने पुन्हा घेणे, यांनी जास्त लक्षात राहते, हे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. या पद्धतीने चार तासांत जे होते ते घोकंपट्टीने सात तासांत होत नाही.

काही साध्या गोष्टी ठरवता येतील. अकरावीत एकच छंद ठेवावा, तोही मुलाने निवडलेला. बारावीत स्पर्धा, परीक्षा, कार्यक्रम थांबवावेत, पण सराव थांबवू नये. ढोल पथकात जायचे असेल तर रोजची तालीम न करता आठवड्यातून दोन दिवस जावे आणि कानात बोळे घालावेत. प्रवेश परीक्षेआधीच्या दोन महिन्यांत छंद अर्ध्या तासावर आणला तरी चालेल, मात्र रोजचे चालणे आणि आठ तासांची झोप शेवटच्या दिवसापर्यंत कायम हवी. ‘नीट’ दुपारी असते, म्हणून आधीच्या पंधरा दिवसांत तरी रात्रीचे जागरण बंद करून दुपारी मेंदू ताजा राहील अशी सवय लावावी. राज्य पातळीवर खेळणाऱ्या मुलाचा खेळ एकदम तोडू नये, सराव टप्प्याटप्प्याने कमी करावा. रोज तीन तास पळणाऱ्या शरीराला अचानक खुर्चीत बसवले की वजन, झोप आणि मन तिन्ही बिघडतात.

घराबाहेरचे काम

सगळा भार आईवडिलांवर टाकणेही बरोबर नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त शिकवणी नको, फार पहाटे किंवा फार रात्री वर्ग नकोत, आठवड्याची सुट्टी द्यावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निर्देश देताना शिक्षणसंस्थांनी खेळ आणि कलांना महत्त्व द्यावे असे सांगितले. कागद तयार आहेत. प्रवेश घेताना पालकांनी क्लासच्या निकालाचे फलक वाचतात तसेच एवढे तरी विचारावे: सुट्टी कोणत्या वाराला? शेवटचा तास किती वाजता सुटतो? समुपदेशक आहे का? दहा पालकांनी विचारले तर संचालकांना उत्तर तयार ठेवावे लागेल.

पाळीत काम करणाऱ्या वडिलांना हे सांगणे सर्वांत सोपे असावे. तिसरी पाळी करून आल्यावर डोके कसे जड होते, हातून चूक कशी होते, सुट्टी मिळाली नाही तर आठवडा कसा जातो, हे ते अनुभवाने जाणतात. मशीन सलग चालवली तर तीही तापते, म्हणून तिच्या देखभालीचा वेळ पाळीच्या हिशेबातच धरलेला असतो. मुलाच्या वेळापत्रकातही मैदानाचा किंवा तबल्याचा एक तास अभ्यासाइतक्याच ठळक अक्षरांत लिहावा, आणि क्लासचा जादा तास लागला म्हणून तो खोडू नये.